गोवरीफेक आणि पात्रतेचा अर्ज

चौदाव्या प्रश्नाचं उत्तर मिलार्ड क्रेचमरने खरं लिहिलं, आणि तिथून सगळं बिघडलं.

प्रश्न तसा साधा होता. 'सदर विद्यार्थ्याला यापूर्वी कोणत्याही क्रीडाकौशल्याबद्दल रोख रक्कम अथवा मौल्यवान वस्तू बक्षीस मिळाली आहे काय?' शंभरातल्या नव्याण्णव माणसांनी 'नाही'च्या चौकोनात खूण केली असती आणि जेवायला बसली असती. पण मिलार्ड सव्वीस वर्षं काउंटीच्या रस्तेखात्यात अवजड वाहनांचे परवाने देत होता. अर्जातला एक चौकोन रिकामा राहिला म्हणून त्याने भल्याभल्या ट्रकवाल्यांना परत पाठवलेलं. असा माणूस स्वतःच्या अर्जात लपवाछपवी करील? त्याने 'होय'वर खूण केली आणि खालच्या ओळीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'हॅम. एक नग.'

"हे कोणी विचारलं होतं तुला?" बायको लोरीन खांद्यावरून वाचत म्हणाली.

"अर्जाने विचारलं."

"अर्ज काय घरी येऊन फ्रीज उघडून बघणार होता?"

अर्जाला घाबरणाऱ्यांची जात वेगळी आणि अर्जाचा मान ठेवणाऱ्यांची वेगळी, हे लग्नाला तीस वर्षं झाली तरी लोरीनला पटलं नव्हतं.

अर्ज होता ऑस्तेयाचा. ऑस्तेया ही लिथुआनियाहून एका वर्षासाठी नेब्रास्कातल्या डॉर्मन गावी शिकायला आलेली सतरा वर्षांची मुलगी. ऑगस्टपासून ती क्रेचमरांच्या घरी राहत होती. संस्थेने पाठवलेल्या तीन फायलींमधून लोरीनने तिची फाइल उचलली, कारण ऑस्तेयाने लिहिलं होतं की तिला राईचा पाव भाजता येतो आणि मांजरांचं वावडं नाही. खेळाबद्दल फाइलमध्ये एक अक्षर नव्हतं. हे पुढे महत्त्वाचं ठरणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवलं.

आता हॅमचं. डॉर्मनच्या सप्टेंबरच्या जत्रेत दरवर्षी एक स्पर्धा होते. कुरणात गाईंनी टाकलेलं शेण उन्हाने वाळून खडखडीत झालं, की त्या रानगोवऱ्या गोळा करायच्या आणि कोण लांब फेकतो ते बघायचं. आपल्याकडे गोवरी चुलीत जाते, तिथे ती स्पर्धेत जाते, एवढाच फरक. हातमोजे घालायला परवानगी नाही, बोटं ओली करायला आहे. लोरीनने गंमत म्हणून ऑस्तेयाचं नाव दिलं. ऑस्तेयाने गोवरी हातात घेतली, नाकाजवळ नेली, खालीवर करून वजन पाहिलं, आणि अशी भिरकावली की ती दोरखंड ओलांडून पाद्रीबाबांच्या गाडीच्या टपावर जाऊन फुटली. बायकांचा जत्रेतला विक्रम एकोणीस वर्षांचा होता. तो गेला. बक्षीस म्हणून धुरी दिलेली डुकराची अख्खी मांडी, म्हणजे हॅम, लाल फीत बांधून तिच्या हातात ठेवण्यात आली. पंधरा दिवसांत ती फस्तही झाली.

गर्दीत शाळेच्या मैदानी खेळांच्या प्रशिक्षक टीटजेनबाई लिंबूसरबत पीत उभ्या होत्या. त्यांचा पेला ओठांपाशीच थांबला.

"मुली, तू थाळी फेकलीयस कधी?"

"नाही," ऑस्तेया म्हणाली. ती पुस्तकातून इंग्रजी शिकलेली, त्यामुळे नेहमी पूर्ण वाक्यात बोलायची. "आमच्याकडे शाळेला संघ नसतो. शाळा म्हणजे फक्त शाळा असते. खेळ क्लबात असतो, आणि क्लबातल्या बाईंनी मी बारा वर्षांची असताना सांगितलं की माझे हात आखूड आहेत."

"आखूड?" टीटजेनबाईंनी पाद्रीबाबांच्या गाडीकडे पाहिलं. "वसंतात मैदानावर ये."

हिवाळाभर ऑस्तेया शाळेच्या दालनात लागलेले जुन्या संघांचे फोटो बघत राहिली. नावं, वर्षं, निळे सदरे. एकदा तिने जेवताना विचारलं, "मिलार्ड, जो हरतो त्यालाही तो सदरा मिळतो का?"

"संघात असला की मिळतो."

"मग मला तो हवा आहे," ती म्हणाली आणि बटाटे वाढून घेतले. वर्षभरात तिने मागितलेली ही पहिली वस्तू. म्हणून फेब्रुवारीत मिलार्ड अर्ज भरायला बसला, तो इतक्या मन लावून.

चौदाव्या प्रश्नाच्या आधी नववा प्रश्नही होता, आणि त्याचंही उत्तर त्याने खरंच दिलं होतं. 'यजमान कुटुंबातील कोणाचा शाळेच्या क्रीडाविभागाशी संबंध आहे काय?' मिलार्डने लिहिलं, 'होय. गेली नऊ वर्षं थाळीफेकीच्या वेळी टेप धरतो.' रस्तेखात्याची पोलादी टेप गावात सर्वांत खात्रीची. ती टेप आणि मिलार्ड, दोघांनाही मैदानावर मान होता.

दहा दिवसांत राज्याच्या शालेय क्रीडामंडळाकडून तीन पानी पत्र आलं. मंडळाच्या श्रीमती प्रुइट यांनी कळवलं होतं की, एक, परदेशी विद्यार्थी खेळासाठी हेरून आणला नाही याची खात्री पटेपर्यंत तिला सामन्यात उतरता येणार नाही. दोन, यजमानाने टेप ताबडतोब खाली ठेवावी. तीन, हॅममुळे विद्यार्थिनीचा हौशी दर्जा धोक्यात आला असून, सदर हॅमचं वजन, प्रकार आणि सद्यस्थिती कळवावी.

"सद्यस्थिती!" लोरीन म्हणाली. "लिही की, सद्यस्थिती समाधानकारक. तुझ्या पोटाकडे बोट दाखव."

मिलार्डला मात्र राग आला नाही. त्याला कुतूहल वाटलं. त्याने मंडळाची एकशे बेचाळीस पानांची नियमावली मागवली आणि रोज सकाळी ओटमील खाता खाता वाचू लागला. कुठल्या तरी काळी कुठल्या तरी शाळेने सात फुटी परदेशी मुलगे आणून बास्केटबॉलचे चषक लुटले असणार, त्याशिवाय परदेशी विद्यार्थ्यांचं सतरावं कलम कोण लिहील? प्रत्येक नियमामागे कोणीतरी एक लबाड माणूस उभा असतो, आणि त्याच्या मागे सगळा प्रामाणिक गाव रांगेत. हा विचार त्याला एवढा आवडला की त्याने तो ऑफिसात तिघांना ऐकवला. तिघांनीही परवान्याची वाट बघणाऱ्या ट्रकवाल्याकडे बोट दाखवलं.

त्या शनिवारी शेजारचा गेलर्ड स्वोबोदा मागच्या दाराने आला. हातात खसखशीचं सारण भरलेल्या कोलाचे पावांचं ताट. गेलर्ड ताट घेऊन आला की बातमी वाईट असते, हे गल्लीला ठाऊक होतं.

"मिलार्ड, मी मंडळाला पत्र लिहिलंय. तुझ्या मुलीविरुद्ध. शेजारी आहोत, म्हटलं आधी तुझ्या कानावर घालावं."

"आधी म्हणजे? पाठवलंस की नाही अजून?"

"पाठवलं. काल. कोलाचे आज झाले."

मिलार्डने एक कोलाचे उचलला. मग दुसरा उचलला.

"हे बघ," गेलर्ड खुर्ची ओढत म्हणाला, "पोरीशी माझं वैर नाही. गोड आहे पोर. पण शाळेला विभागीय सामन्यात तीनच थाळीवाल्या पाठवता येतात. आमची केंड्रा चार वर्षं गोठ्यामागे थाळी फेकतेय. बर्फात फेकली. मनगट मोडलं तेव्हा डाव्या हाताने फेकली. यंदा तिचं शेवटचं वर्ष, आणि यंदा कुठे तिसरा नंबर लागत होता. आता तू सांग, दहा महिन्यांसाठी विमानाने आलेल्या मुलीने ती जागा घ्यायची, हे न्यायाचं आहे का?"

केंड्रा ही गेलर्डची नात. मिलार्डला ती रांगायची तेव्हापासून माहीत. त्याने नियमावलीची एकशे बेचाळीस पानं मनात चाळली. या प्रश्नाचं उत्तर एकाही पानावर नव्हतं.

"नसेल," तो हळूच म्हणाला. "पण समज ती शेजारच्या आयोवा राज्यातून बदली होऊन आली असती, तर?"

गेलर्डने विचार केला. "आयोवाहून आली असती तर मी जास्त चिडलो असतो."

ताट रिकामं झालं. जाताजाता गेलर्ड अवघडून म्हणाला, "आणखी एक. टीटजेनबाईंनी टेप माझ्याकडे दिलीय. नऊ वर्षं तू धरलीस, म्हणून म्हटलं, काही खास पद्धत असेल तर…"

हा घाव मात्र मिलार्डच्या वर्मी बसला. परदेशी पाहुणी फेकणार म्हणून त्याची टेप गेली, आणि ज्याची सख्खी नात फेकणार तो माणूस टेप धरणार. कारण नियमावलीत आजोबांबद्दल काही लिहिलंच नव्हतं. तरी त्याने सांगितलं, "शून्याचं टोक ताणून धर. वाऱ्याने पोट येतं टेपला." कर्तव्य ते कर्तव्य.

बातमी गावभर झाली आणि सल्ल्यांचा पूर लोटला. केशकर्तनालयात म्हणाले, वकील कर. गॅरेजवाला म्हणाला, पोरीचं लग्न लावून दे इथं, मग परदेशी राहणारच नाही. पाद्रीबाबांनी गाडी धुतल्याचं बिल न पाठवून आपला नैतिक पाठिंबा जाहीर केला. शेवटी नियमावलीत मिलार्डलाच वाट सापडली : पृष्ठ अठ्ठ्याण्णव, 'बक्षीस आयोजकांना परत केल्यास हौशी दर्जा पूर्ववत होतो.'

"पण खाल्लेलं परत कसं करायचं?" ऑस्तेयाने काळजीने विचारलं.

"तसंच दुसरं आणायचं."

मिलार्ड त्याच खाटकाकडे गेला, तेवढ्याच वजनाची हॅम घेतली, लोरीनकडून तशीच लाल फीत बांधून घेतली आणि परत करायला निघाला. परत करायची जत्रासमितीकडे. समितीचा कोठारप्रमुख कोण? गेलर्ड स्वोबोदा.

गेलर्डने दारातच हॅम उलटीपालटी करून पाहिली. "ही ती नाही."

"ती कशी असेल? ती खाल्ली."

"मग मी 'परत मिळाली' असं कसं लिहून देऊ? 'एक हॅम मिळाली' एवढं लिहून देईन."

"गेलर्ड, त्या हॅमचे दोन मोठे काप माझ्या टेबलावर बसून तू खाल्लेस! वर मोहरी मागितलीस!"

गेलर्डचा चेहरा पडला. हे तो विसरला होता. म्हणजे तक्रारदारच बक्षिसाचा लाभार्थी निघाला, आणि गेलर्ड लबाड नव्हता, नुसता आजोबा होता. तो आत जाऊन कागद घेऊन आला आणि प्रामाणिकपणे लिहिलं : 'मूळ हॅमपैकी दोन काप मी स्वतः खाल्ले असून उरलेल्या हॅमच्या बदल्यात ही हॅम मिळाली.' सही केली. मग समितीकडे हॅम ठेवायला फ्रीज नसल्यामुळे ती मिलार्डच्याच फ्रीजमध्ये, 'समितीची मालमत्ता' अशी चिठ्ठी लावून ठेवण्यात आली. सुनावणीचा निकाल लागेपर्यंत क्रेचमर कुटुंब तिच्याकडे बघत अंडी खात होतं.

मार्चमध्ये लिंकन शहरात सुनावणी झाली. लांब टेबल, पाण्याचे पेले, पाच माणसं आणि मधोमध श्रीमती प्रुइट. मिलार्डच्या मनात त्यांची प्रतिमा करड्या चेहऱ्याच्या जल्लादाची होती. प्रत्यक्षात त्या सर्दी झालेल्या, थकलेल्या, भल्या बाई निघाल्या. त्यांच्यासमोर त्या दिवशीच्या अकरा फायली होत्या.

"मिस्टर क्रेचमर," त्या नाक पुसत म्हणाल्या, "एकोणीस वर्षांत या प्रश्नाला 'हॅम' असं उत्तर देणारे तुम्ही पहिले. तुम्ही लिहिलं नसतं तर आम्हाला कळलंही नसतं."

"म्हणजे लिहायला नको होतं?"

बाईंनी कागद सरळ केले. "तसं मी अधिकृतपणे म्हणू शकत नाही."

मग त्या ऑस्तेयाकडे वळल्या. ऑस्तेया लोरीनचा निळा कोट घालून ताठ बसली होती.

"मला एवढंच सांग बेटा. जत्रेत ती गोवरी फेकलीस, तेव्हा आपण एका क्रीडास्पर्धेत भाग घेतोय असं तुला वाटलं होतं का?"

"नाही, मॅडम. मला वाटलं, तुम्ही इथे कुरण असं साफ करता. सगळा गाव मदतीला आला होता. मला ते फार चांगलं वाटलं. म्हणून मी शक्य तितकं लांब फेकलं, म्हणजे परत कोणाला उचलावं लागू नये."

टेबलाच्या टोकाला बसलेल्या एका सभासदाने पाण्याचा घोट घेतलेला होता. तो त्याला गिळता आला नाही.

"आणि हॅम?"

"मला वाटलं, मजुरी आहे."

पाचही माणसं शेजारच्या खोलीत गेली. भिंतीपलीकडून हसण्याचे आवाज येत होते. मिलार्डला ते अपमानास्पद वाटले. एवढा गंभीर प्रश्न! बाहेर आल्यावर श्रीमती प्रुइट यांनी निकाल वाचला : रानगोवरीचा नियमावलीत खेळ म्हणून उल्लेख नाही, सबब हॅम हे पारितोषिक ठरत नाही. मुलीची निवड पाव आणि मांजर या निकषांवर झाल्याचं दिसतं. विद्यार्थिनी पात्र.

परतताना गाडीत ऑस्तेया म्हणाली, "मिलार्ड, मी जिंकले का?"

"जिंकलीस म्हणजे… फेकायची परवानगी जिंकलीस."

"आणि केंड्रा हरली का?"

"ते अजून कुठे ठरलंय?"

"बरं," ती म्हणाली. "कारण तीच मला गिरकी शिकवते आहे."

मिलार्डच्या हातून गाडी जराशी पांढऱ्या रेषेवर गेली. दोन घरं एकमेकांविरुद्ध कागद पाठवत होती, तोवर त्या दोघी रोज शाळा सुटल्यावर स्वोबोदांच्या गोठ्यामागे एकत्र थाळी फेकत होत्या. गेलर्ड तेव्हा झोपलेला असायचा. हे गावात सर्वांना माहीत होतं, फक्त दोन्ही बाजूंच्या फिर्यादींना नव्हतं.

शाळेतली निवड चाचणी मार्चच्या शेवटच्या गुरुवारी झाली. पहिल्या दोघी ठरलेल्या होत्या, प्रश्न तिसऱ्या जागेचा. टीटजेनबाई हुशार. त्यांनी टेपचं एक टोक गेलर्डच्या हाती दिलं आणि दुसरं मिलार्डच्या.

"अहो, पण मंडळाने मला…" मिलार्ड म्हणाला.

"हा सामना नाही, चाचणी आहे. धरा मुकाट्याने. दोघंही एकमेकांवर नजर ठेवा, म्हणजे मला मुलींकडे बघता येईल."

तेव्हा कुठे मिलार्डच्या लक्षात आलं, की गोवरी आणि थाळी यांत काय अंतर आहे. गोवरीला दिशा लागत नाही. थाळी दोन पांढऱ्या रेषांच्या मधे पडावी लागते. ऑस्तेयाची पहिली थाळी जाळीत अडकली. दुसरी इतकी लांब गेली की सगळ्यांनी 'ओ' केलं, पण ती रेषेबाहेर, लांब उडी मारायच्या वाळूत जाऊन रुतली. केंड्रा शांतपणे, चार वर्षांच्या सवयीने, एकेक फेकत होती : चौऱ्याण्णव फूट, शहाण्णव, अठ्ठ्याण्णव फूट चार इंच.

शेवटची फेक ऑस्तेयाची. ती वर्तुळात उभी राहिली. बाहेरून केंड्रा ओरडली, "हनुवटी वर! पाय आधी!" ऑस्तेयाने गिरकी घेतली आणि या वेळी थाळी रेषांच्या मधून, सरळ, तरंगत गेली.

गेलर्ड धावत खुणेपाशी गेला. मिलार्डने शून्य ताणून धरलं. वारा होता. टेपला पोट आलं होतं, आणि पोट आलेली टेप आकडा वाढवून सांगते. गेलर्ड गुडघ्यावर बसून आकडा बघत राहिला. बराच वेळ. मग ओरडला, "मिलार्ड, टेपला पोट आलंय! ताण अजून! तिचा आकडा जास्त वाटतोय, पण पक्का हवा! नीट!"

मिलार्डने ताणली. खरं तर थोडी सैल सोडली असती तर कोणाला कळलं नसतं. कळलं नसतं, हे त्याला अगदी स्पष्ट कळलं. त्याने दोन्ही हातांनी ताणली.

"अठ्ठ्याण्णव फूट," गेलर्ड म्हणाला. "बरोब्बर. वर काही नाही."

चार इंच. सात आठवडे, एकशे बेचाळीस पानं, एक सुनावणी, एक हॅम, आणि शेवटी चार इंच. केंड्रा रडत रडत ऑस्तेयाच्या गळ्यात पडली. ऑस्तेया तिची पाठ थोपटत होती आणि मोठ्या कुतूहलाने विचारत होती, "तू का रडतेस? तू तर तिसरी आलीस."

मिलार्डला न्यायाचा विचार करायचा होता, पण गेलर्ड त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. टेप गुंडाळत म्हणाला, "तुझी पोर पुढच्या वर्षी असती ना, तर आमच्या कोणालाच जागा मिळाली नसती."

"पुढच्या वर्षी ती नाहीच."

"तेच म्हणतोय," गेलर्ड म्हणाला, आणि का कोण जाणे, नाक शिंकरलं.

चौथ्या नंबरवालीला दुसऱ्या संघात घेतात. दुसऱ्या संघाचे सामने मंगळवारी दुपारी होतात, भन्नाट वाऱ्यात, आणि बघायला अकरा माणसं असतात, त्यांतली चार चुकून आलेली. एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी ऑस्तेयाने निळा सदरा घातला. तो तिला दोन मापं मोठा होता. तिने मिलार्डकडून त्याचे पुढून, मागून आणि बाजूने फोटो काढून घेतले. ध्वनिक्षेपकावर तिचं नाव 'ऑस्ट्रेलिया' असं पुकारलं गेलं. ती हात वर करून वर्तुळात गेली, दोन थाळ्या बाहेर फेकल्या, तिसरी आत. नऊ जणींत सहावी. सहावी आल्यावर तिने मैदानाला धावत एक फेरी मारली. तशी पद्धत नाही, पण तिला अडवायला कोणी आलं नाही. दोरीपाशी केंड्रा आणि गेलर्ड उभे होते. गेलर्ड दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडत होता, "हनुवटी! पोरी, हनुवटी!"

मिलार्डच्या शेजारी प्रतिस्पर्धी शाळेच्या कोणा मुलीचा बाप उभा होता. टोपी, थर्मास, कपाळावर आठी.

"ती परदेशी मुलगी तुमची का हो?"

"आमच्याकडे राहते."

"राग मानू नका, पण मला हे पटत नाही. बाहेरच्या मुली आणायच्या, आपल्या मुलींच्या जागा घ्यायच्या. यात न्याय कुठला?"

मिलार्डने खोल श्वास घेतला. सतरावं कलम, पृष्ठ अठ्ठ्याण्णव, सगळं जिभेवर आलं. पण त्याआधीच त्या गृहस्थाने विचारलं, "कितवी आली?"

"सहावी."

"सहावी!" गृहस्थाच्या कपाळावरची आठी एकदम मिटली. चेहरा प्रेमळ झाला. त्याने थर्मासचं झाकण काढून मिलार्डपुढे कॉफी धरली. "मग काय हरकत आहे! एवढ्या लांबून आलीय बिचारी. खेळू द्या की!"

मिलार्डने कॉफीचा घोट घेतला. एकशे बेचाळीस पानांत जे सापडलं नव्हतं, ते कलम त्याला इथे, वाऱ्यात, फुकट कॉफीबरोबर मिळालं होतं. मैदानात ऑस्तेयाने रिकाम्या वर्तुळात उभं राहून, हातात थाळी नसताना, सगळं नव्याने सुरू केलं होतं : पाय आधी, मग कंबर, हनुवटी वर.

"थांबा हो जरा," मिलार्ड त्या गृहस्थाला म्हणाला. "अजून शिकतेय ती."